माशी आणि मासा

मराठीतील ‘मासा’ हा शब्द संस्कृत ‘मत्स्य’ या शब्दापासून, तर ‘माशी’ हा ‘मक्षिका’ या शब्दापासून आला आहे. उच्चारात इतके जवळ आलेले हे शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. दक्षिण इंग्लंडमधील एका जुन्या छंदाने मात्र या दोन जीवांचे नाते घट्ट बांधले आहे. गळाला पिसे व रेशीम गुंडाळून कृत्रिम माशी तयार करावयाची आणि तिच्या योगाने ट्राउट मासा पकडावयाचा, असे या छंदाचे स्वरूप आहे. त्याची परिभाषा कोणत्या निरीक्षणातून घडली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हॅम्पशर परगण्यातील टेस्ट व इचेन या नद्या प्रामुख्याने झऱ्यांवर पोसलेल्या आहेत. पावसाचे पाणी तेथील खडूच्या खडकात मुरते आणि सावकाश झिरपत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे ते गाळलेल्या पाण्यासारखे नितळ असते. झऱ्याच्या मुखाशी त्याचे तापमान बाराही महिने सुमारे १० अंश सेल्सिअस राहते. म्हणूनच सप्टेंबरात झाडांची पाने पिवळी पडू लागली, तरी नदीतील कीटकसृष्टी जागीच असते.

या कीटकांत मेफ्लाय हा वर्ग प्रमुख होय. त्याच्या पाण्यातील बाल्यावस्थेस ‘निंफ’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नववधू, आणि जलदेवता असाही आहे. पुढे तो पृष्ठभागावर येऊन कात टाकतो व त्याला मळकट पंख फुटतात. या अवस्थेचे नाव ‘डन’, म्हणजे करडा-तपकिरी. पुन्हा एकदा कात टाकून तो तकतकीत होतो, तेव्हा त्यास ‘स्पिनर’ म्हणतात. पंख फुटल्यावरही कात टाकणारा दुसरा कीटक आज जगात नाही. नदीकाठच्या लोकांनी या अवस्थांना वेगवेगळी नावे दिली, कारण मासाही त्यांत भेद करतो.

या भेदावरूनच एक प्रसिद्ध वाद उद्भवला. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तरंगत्या माशीचा पुरस्कार केला. त्यांच्या संप्रदायात बुडणारी माशी कमी प्रतीची ठरली. पुढे १९१० साली जी. ई. एम. स्क्यूज यांनी दाखवून दिले की, पृष्ठभागावर तरंग उठवणारा मासा पुष्कळदा त्याच्या किंचित खालचे निंफच खात असतो. पकडलेल्या माशांच्या पोटातील अन्न तपासणे हा त्यांचा पुरावा होता. तरीही १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर चर्चा झाली, तीत स्क्यूज यांचा पक्ष एकाकी पडला. शरदात हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. पाणी उतरलेले, माशा बारीक, आणि मासा उन्हाळाभर गळ पाहून सावध झालेला; अशा वेळी अवस्था ओळखण्यातील चूक त्याच्या लगेच ध्यानी येते.

परंतु शरद हा थांबण्याचाही काळ आहे. ऋतू सरत आला म्हणजे ट्राउट विणीसाठी गोट्यांच्या उथळ तळाकडे जातात. मादी शेपटीने खळगा करून त्यात अंडी घालते व ती वाळूगोट्यांनी झाकते. त्यांतून वाहणारे स्वच्छ पाणी अंड्यांना प्राणवायू पुरवते. अशा जागी माणसाचे पाऊल पडले, तर अंडी चिरडतात. म्हणून या काळात ट्राउट पकडण्यास कायद्याने बंदी असते.

याहून मोठे संकट जमिनीखाली आहे. शहरांच्या गरजेसाठी खडूच्या खडकातील पाणी उपसले जाते आणि झरे क्षीण होतात. पाणी आटले, गाळ साचला, तर निंफ जगत नाही. मग डन नाही आणि स्पिनरही नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने घडलेले हे शब्द कोशात राहतील. परंतु त्यांचा अर्थ दाखवण्यास नदीकाठी काहीच उरणार नाही.