पदवीनंतर – लेखांक ६ : नातेवाइकांपलीकडची ओळख

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जाते, कोणी थेट कर्नाटकात. एवढ्या मोठ्या भरतीची जाहिरात कुठल्याही पेपरात येत नाही. मुकादम गावातला नाहीतर शेजारच्या वाडीवरचा असतो, उचल आधी हातात पडते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळी ठरते. काम ओळखीतून मिळते, हे याच जिल्ह्यातल्या चौसाळा गावाला बाहेरच्या कोणी येऊन शिकवायला नको. तरीही याच गावातला मुलगा बीकॉम किंवा बीएस्सी झाला, की ओळखीचा हा व्यवहार मागे पडला असे तो धरून चालतो. आता पोर्टल, ऑनलाइन अर्ज आणि गुणपत्रक यांवरच भिस्त. मागच्या लेखांकात बायोडेटाचा विचार केला. तो नीटनेटका हवाच. पण अर्ज जाण्याआधी जागा निघाल्याची बातमी यावी लागते. ती कोणाकडून येते आणि कोणाकडून येत नाही, हा या आठवड्याचा विषय आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर एक निबंध लिहिला. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरीची खबर कुठल्या तरी माणसाकडून लागली होती, यात नवल नव्हते. नवल पुढे होते. ज्याने खबर दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत होता, असे विचारल्यावर ‘वारंवार’ म्हणणारे १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीच्यांच्या बाबतीत भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. कारण साधे आहे. मामा, चुलता, वर्गातले चार मित्र हे आपले हक्काचे लोक खरे, पण त्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. सगळे एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात आणि पोलीस भरतीची तीच जाहिरात सगळ्यांना दिवसातून चारदा येते. वेगळी बातमी वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडे असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यांनी या म्हणण्याला दुजोरा दिला आणि दोन दुरुस्त्याही सुचवल्या. अगदी परक्या माणसाचा उपयोग बेताचाच होतो. सर्वांत कामाला येतो तो मधला, थोडाफार ओळखीचा माणूस. आणि जिथे संगणकाचा वापर कमी, अशा उद्योगांत घट्ट नातीच जास्त कामी येतात. ही दुसरी दुरुस्ती आपल्या भागाने डोळ्याआड करू नये. आडत दुकान किंवा बांधकामाची साइट यासाठी अजूनही मामाच बरा.

पण घट्ट नात्यांचा एक तोटा आहे आणि त्याचा पुरावा मुंबईतलाच आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांत १९८२ ते २००१ या काळात दाखल झालेल्या मुलामुलींचा मागोवा घेतला. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकात इंग्रजी येणाऱ्याला पगार जास्त मिळू लागला होता. तरी ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना कामगारांच्या नोकऱ्यांत लावत आले होते, त्या जातींतल्या मुलांना मराठी माध्यमातच घालण्याकडे ओढा राहिला, कारण पुढची नोकरी भाऊबंदांकडून येणार हे ठरलेले होते. मुलींना असे जाळे नव्हतेच. त्यांना अडवायलाही मग कोणी नव्हते, आणि याच जातींतल्या मुली इंग्रजी माध्यमाकडे मुलांपेक्षा जास्त प्रमाणात वळल्या. माध्यमाचा वाद इथे बाजूला ठेवू. मुद्दा असा की जवळच्यांचे जाळे काम नक्की देते, पण बहुतेकदा स्वतःच्याच जातीचे काम देते. मुकादमाच्या ओळखीने कोयता मिळतो. पुण्यातल्या लॉजिस्टिक्स कंपनीतली स्टोअर असिस्टंटची जागा त्याच्या ओळखीत नसते.

म्हणून नातेवाइकांपलीकडे ओळखी कराव्यात, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा वशिलाच झाला, नाव तेवढे नवे. आक्षेप पोकळ नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली दाखवले की तोंडाने गुणवत्ता म्हणणारे हेच अधिकारी उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारात घेतात. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा अभ्यास आला. पात्रता सारखीच असलेले अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. ज्याच्या घरात आधीपासून अधिकारी आहेत त्याला ओळखी वारशानेच मिळतात, आणि चौसाळ्याच्या मुलाने त्या कमवाव्यात असे सांगणे म्हणजे अन्याय गिळून वर कष्टही त्यानेच करायचे. हे मान्य. पण त्यावरून ओळखी करूच नयेत असे ठरत नाही, उलटेच ठरते. कागदावरचे आडनाव बघून जो अर्ज बाजूला सारला जातो, त्याच्यामागे ‘या मुलाचे काम मला माहीत आहे’ म्हणणारा एक माणूस उभा असेल तर फरक पडू शकतो. सरकारी उपायाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणे सक्तीचे केले. माणूस तिथूनच घ्या, अशी सक्ती त्यात कधीच नव्हती. राहिला वशिल्याचा प्रश्न. वशिल्यात पात्रता झाकली जाते, माहिती विचारण्यात ती उघडी पडते. माझ्या मते सीमारेषा इथेच आहे.

ही रेषा एका मेसेजमध्ये दिसते. गावचा एखादा दादा पाच वर्षांपूर्वी आपल्याच कॉलेजातून निघून चाकणला लागलेला असतो. त्याला बहुतेक मुले लिहितात, “दादा, काही असेल तर बघा.” या वाक्याला उत्तर येत नाही, कारण काय बघायचे हेच त्याला कळत नाही, आणि बघितले तर जबाबदारी अंगावर येते. त्याऐवजी असे लिहिले तर? “दादा, मी यंदा बीकॉम झालो. टॅली येते, एक्सेल बऱ्यापैकी येते. तुमच्याकडे स्टोअरला नवीन माणूस घेताना काय बघतात? रविवारी दहा मिनिटे फोन केला तर चालेल का?” याला उत्तर देणे सोपे आहे, फुकट आहे, आणि सल्ला विचारलेला बहुतेकांना आवडतो. अशी माणसे शोधायला पुण्यालाच जावे लागते असेही नाही. सोलापूर–धुळे महामार्गावरच्या या गावात बाहेरची माणसे रोजची आहेत: बँकेच्या शाखेत बदलून आलेला अधिकारी, बियाणे कंपनीचा प्रतिनिधी, दवाखान्याच्या बाहेर बॅग घेऊन थांबलेला औषध कंपनीचा एमआर. त्या एमआरला आपल्या कंपनीत कुठला तालुका रिकामा आहे हे जाहिरातीच्या आधी ठाऊक असते. बीएस्सी झालेली किती मुले त्याच्याशी दोन शब्द बोलतात?

दुसरा आक्षेप स्पर्धा परीक्षेवाल्यांचा. एमपीएससीला ओळख लागत नाही, म्हणून तोच एक सरळ रस्ता. रस्ता सरळ आहे, पण जागा थोड्या आणि उमेदवार अफाट. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट घेऊन काही वर्षे काढलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याच्या ओळखी म्हणजे आणखी उमेदवारच असतात. परीक्षा द्यावी, पण एक दार उघडे ठेवावे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन होते. ते बहुतेकांना तुटपुंजे वाटले, आणि आहेच. मात्र कुठल्याही कार्यालयात काही महिने काढले की चार विभागांतली माणसे तुम्हाला नावाने ओळखू लागतात. हा हिशेब पगाराच्या पावतीवर येत नाही.

मुलींची अडचण वेगळी आहे आणि ती वरच्या उपायांनी सुटत नाही. टपरीवरच्या चहात, रात्रीच्या फोनवर ज्या ओळखी होतात त्या मुलांच्याच होतात. बँकेतल्या साहेबाशी किंवा एमआरशी बोलत उभे राहिले तर गावात काय बोलले जाईल, याचा विचार मुलीला आधी करावा लागतो. तिच्यासाठी ओळखीची सोय कॉलेजनेच लावून द्यायला हवी, आणि त्यासाठी नवे काही उभारायचेही नाही. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी पुढे कुठे गेले आणि माजी विद्यार्थी संघ काय करतो हे विचारले जाते. त्यासाठी महाविद्यालये मागच्या तुकड्यांची माहिती गोळा करतातच. ही माहिती मूल्यांकनाआधी घाईने भरली जाते आणि मूल्यांकन झाले की कपाटात जाते. ज्यांची संमती आहे त्यांची नावे, काम आणि गाव एवढेच त्या फायलीतून काढून तिसऱ्या वर्षाच्या वर्गासमोर ठेवले, आणि वर्षातून दोनदा त्यातल्या दोन-तीन माजी विद्यार्थिनींना बोलावले, तर एमआरशी बोलायला न धजणाऱ्या मुलीलाही विचारायला कोणीतरी मिळेल. प्राचार्यांकडे ही मागणी विद्यार्थ्यांनीच करावी, लेखी करावी, आणि पहिल्या सत्रातच करावी. परीक्षेच्या तोंडावर कोणी ऐकत नाही.

(पुढील लेखांकात : पहिल्या मुलाखतीत पगार कसा बोलावा)