खानदेशच्या शिवारातील कीडनाशक बुरशी

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत कपाशी, मका व केळी पिकवणाऱ्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कीडनियंत्रण म्हणजे रासायनिक फवारणी अशीच समजूत दीर्घकाळ रूढ असली, तरी किडीला रोग जडवून मारणाऱ्या बुरशींचा, म्हणजेच कीटकरोगकारक बुरशींचा, अभ्यास या रसायनांहून जुना आहे. इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे दाखवून दिले आणि त्या बुरशीला पुढे त्यांच्याच नावावरून बिव्हेरिया बॅसियाना म्हटले गेले. १८७९ मध्ये जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध मेटारायझियम ही बुरशी अभ्यासली, तर कॉफीवरील खवले किडीवर आढळलेल्या व्हर्टिसिलियम लेकॅनीचे शास्त्रीय वर्णन १८९८ मध्ये झाले. कॉफीच्या मळ्यात ओळख पटलेली हीच बुरशी आज कपाशीवरील मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी सुचवली जाते.

बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिची सूक्ष्म बीजे, किडीच्या अंगावर चिकटतात, पुरेसा ओलावा मिळताच रुजतात, विकरांच्या साहाय्याने त्वचा भेदून आत शिरतात आणि शरीरभर वाढून काही दिवसांत किडीचा जीव घेतात. कपाशीच्या बीटी वाणातील विषारी प्रथिन पानाबरोबर अळीच्या पोटात जावे लागते. बुरशीला केवळ स्पर्श पुरतो, म्हणून रस शोषणाऱ्या किडींवरही ती चालते.

मात्र बुरशी हा सजीव असल्याने तिचे यश हवामानावर अवलंबून असते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या खानदेशात हा मुद्दा निर्णायक ठरतो. प्रखर ऊन बीजाणू नष्ट करते. त्यामुळे तिच्यासाठी सावली आणि ओल टिकणाऱ्या जागा शोधाव्या लागतात. हुमणीसाठी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत दिलेले मेटारायझियम, २०१८ मध्ये भारतात प्रथम नोंदल्या गेलेल्या अमेरिकन लष्करी अळीसाठी मक्याच्या पोंग्यात सोडलेली बुरशी आणि पावसाळ्यात दाटलेल्या कपाशीच्या पानांच्या खालच्या बाजूस पोहोचणारी सायंकाळची फवारणी, या तिन्ही ठिकाणी तिला अनुकूल परिस्थिती लाभते. याउलट बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत ती पोहोचतच नाही; तेथे कामगंध सापळे आणि हंगाम संपताच पऱ्हाट्यांची विल्हेवाट हेच उपाय महत्त्वाचे राहतात.

बुरशीनाशकासोबत मिसळलेली, उन्हात तापलेल्या गोदामात ठेवलेली किंवा भर दुपारी फवारलेली बुरशी निष्फळ ठरते, आणि दोन दिवसांत कीड मेली नाही म्हणून शेतकरी पुन्हा रसायनाकडे वळतो. हा दोष बुरशीचा नसून अपुऱ्या मार्गदर्शनाचा आहे. म्हणूनच कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विभागाने शिफारस करताना मात्रेइतकेच महत्त्व वेळेला, ओलाव्याला आणि साठवणुकीला दिले, तर खानदेशातील शेतकऱ्याचा खर्च आणि त्याच्या अंगावर उडणारे विष ही दोन्ही ओझी कमी होऊ शकतील.