अपघात, दोष आणि कथा

मुलाला अपघात झाला म्हणजे घरात 'हे कसे घडले?' या प्रश्नाआधी 'कोणाचे लक्ष नव्हते?' हा प्रश्न उभा राहतो. भिलाईसारख्या पोलादनगरीत राहणाऱ्यास या दोन प्रश्नांतील अंतर विशेष जाणवते. कारखान्यातील गंभीर अपघाताची सूचना कायद्यान्वये द्यावी लागते. तेथे निदान तत्त्वतः तरी कारणाचा शोध अभिप्रेत असतो. घरातील चौकशीस कारण पुरत नाही, तिला अपराधी हवा असतो. कथेचे क्षेत्र हे दुसऱ्या चौकशीचे आहे.

या विषयाचे जुने रूप पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात सापडते. पाण्याला जाताना ब्राह्मणी बाळाला पतीच्या स्वाधीन करते. तो भिक्षेसाठी निघून जातो. परतल्यावर मुंगुसाचे रक्ताळलेले तोंड पाहून, त्यानेच बाळाला मारले असे समजून ती घागर टाकून त्याचा जीव घेते. वस्तुतः मुंगुसाने सापापासून बाळाला वाचविलेले असते. पती येताच ती त्याच्या लोभाला दोष देते. आरोप खोटा नाही. पण घागर तिच्याच हातून सुटली होती. परदोषाच्या उच्चारात स्वतःचा दोष कसा दडतो, हे त्या छोट्याशा कथेने नेमके टिपले आहे.

रवींद्रनाथांच्या 'खोकाबाबूर प्रत्यावर्तन' (१८९१) या कथेत हा दोष घराबाहेर ढकलला जातो. रायचरण हा नोकर बाळाच्या हट्टापायी कदंबाची फुले आणावयास चिखलात उतरतो, आणि तेवढ्यात बाळ पद्मेच्या पाण्यात नाहीसे होते. नदीने घात केला हे सर्वांना कळते. तरीही आई नोकरावर चोरीचा संशय घेते, बाळाच्या अंगावर सोन्याचे दागिने होते ना! हा निव्वळ दुष्टपणा नव्हे. चोरीला गेलेले मूल परत मिळू शकते, बुडालेले नाही. येथे आरोप हेच आशेचे शेवटचे रूप झाले आहे. पुढे रायचरण स्वतःचा मुलगाच मालकाला देऊन न केलेली चोरी कबूल करतो. ज्याच्याजवळ बोलण्याचा अधिकार नाही, त्याच्याच पदरी अखेर दोष उरतो.

रेमंड कार्व्हर या अमेरिकन लेखकाच्या 'कॅथीड्रल' (१९८३) या संग्रहातील 'अ स्मॉल, गुड थिंग' मध्ये मोटारीने धडक देणारा निघून गेलेला असतो. मुलाच्या वाढदिवसाचा केक न्यावयास कोणी आले नाही म्हणून बेकरीवाला फोनवरून छळत राहतो. आईबापांचा संताप त्याच्यावर कोसळतो. आपण सतत पाहत बसलो नाही तर कदाचित मूल जागे होईल, असेही त्या आईला मध्येच वाटून जाते. कोणताही अपराध नसताना अपराधभाव किती सूक्ष्म वाटेने शिरतो, याचा हा प्रत्यय आहे. शेवटी क्षमायाचना होते आणि ताजा पाव पुढे येतो. निवाडा होत नाही.

बालमृत्यूतून करुणरस सहज निष्पन्न होतो, म्हणूनच हा विषय लेखकाला फसवितो. बेपर्वा बाप किंवा नोकरी करणारी आई उभी करून तिला शिक्षा दिली, की वाचकाचे समाधान होते. पण ते घरच्या चौकशीचेच समाधान असते. कथाकाराचे काम त्या चौकशीत पंच होण्याचे नव्हे. दोष कोणाकडून कोणाकडे सरकतो आणि सरकताना कोणाला चिरडतो, हे दाखविण्याचे आहे.