एका आम्लाची अडलेली वाट

वरणभात खाल्ला की डाळीतील प्रथिन जसेच्या तसे आपल्या अंगी लागते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे घडत नाही. आतड्यात त्या प्रथिनाची मोडतोड होऊन सुटी अमिनो आम्ले रक्तात उतरतात. ही आम्ले वीस प्रकारची. जुना वाडा उतरवून त्याच्याच विटांनी नवे घर बांधावे, तसे शरीर त्यांतून आपली प्रथिने रचते. उरलेल्या आम्लांतील नायट्रोजनाचा यकृतात युरिया होतो व तो मूत्रावाटे बाहेर पडतो. हा व्यवहार बिनबोभाट चालतो, म्हणून आपणांस त्याची वार्ताही नसते. तो एके ठिकाणी अडला तर काय होते, हे सांगण्यासाठी आम्ही फिनिलअ‍ॅलनिन हे एकच आम्ल निवडले आहे.

हे आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. गरजेहून अधिक असेल त्याचे यकृतातील एक एंझाइम टायरोसीन बनवते. केसांचा काळा रंग या टायरोसिनापासूनच तयार होतो. काही अर्भकांत ते एंझाइम जन्मतःच निकामी असते. मग आम्ल रक्तात साचत जाते आणि वाढत्या मेंदूवर घाला पडतो.

१९३४ साली ऑस्लो येथे डॉ. आस्ब्यर्न फॉलिंग यांच्याकडे एक आई आपली दोन मंदबुद्धी मुले घेऊन आली. मुलांना एक चमत्कारिक वास येतो, हे तिचे गाऱ्हाणे. तिने आधी बऱ्याच डॉक्टरांचे उंबरठे झिजविले होते. फॉलिंगनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तो ती गर्द हिरवी झाली! त्या रंगाचा छडा लावता फिनिलपायरुव्हिक आम्ल सापडले; वाट अडलेल्या फिनिलअ‍ॅलनिनाने काढलेली ही आडवाट. शोधाचे निम्मे श्रेय आम्ही त्या माउलीच्या नाकाला देतो.

उपाय सापडावयास जवळजवळ वीस वर्षे गेली. बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातील केसीनचे विघटन केले, कोळशाच्या साहाय्याने त्यातून ते आम्ल काढून टाकले, आणि तो आहार एका लहान मुलीस दिला. मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, केस काळसर झाले. मग आईला न सांगता आहारात पुन्हा ते आम्ल मिसळले. रडणे, डोके आपटणे परतले. उभे राहणे एका दिवसात बंद पडले. पुरावा निर्विवाद मिळाला, पण आईपासून केलेली ही चोरी आम्हांस आजही खटकते. हा अहवाल १९५३ सालचा.

मात्र मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. आहार जन्मानंतर लगेच सुरू व्हावा लागतो. त्यासाठी रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमारास बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन करावयाची चाचणी काढली. अनेक देशांत ती प्रत्येक बाळाची होते, आपल्याकडे होत नाही. येथे मूल मंद निघाले की दोष आईच्या पदरात पडतो. वस्तुतः हा दोष आई व बाप दोघांकडून यावा लागतो, आणि दोघेही स्वतः धडधाकट असतात. आपल्या मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ही चाचणी मागितल्यास होते. बाळ दोन दिवसांचे झाले, पोटात दूध गेले, की ती करून घ्यावी.