एक पॉइंट नऊ

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोलितमारा गेटमधून आम्ही संध्याकाळी बाहेर पडलो. वाघ दिसला नव्हता, पण रानगव्यांचा कळप जवळून दिसला होता आणि पहिल्या पावसानं सागाची पानं धुऊन निघाली होती. सगळे खुशीत होते. नवेगाव खैरी यायच्या आधीच अंधारलं, ड्रायव्हरनं हेडलाइट लावले, आणि ते उजळायचे सोडून पिवळे पडत गेले. मग तांबूस झाले. मग एका वळणावर इंजिनच बंद पडलं. चाबी फिरवली की नुसतं ‘टक’.

2024च्या जानेवारीत पेंचच्या महाराष्ट्रातल्या जंगलाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. जंगलालगतच्या काही गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी खाली तोंड करून बसवले गेले. त्या अंधाराचं कौतुक मी कितीदा केलं आहे. त्या रात्री त्याच अंधारात आम्ही बंद जिप्सीत बसून होतो. वर तोतलाडोहला 160 मेगावॅट क्षमतेचं वीजघर, आणि इथे दोन दिवे पेटवायला वीज नाही.

ड्रायव्हरनं बोनेट उचललं, मोबाइलच्या उजेडात आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. “वायर तापून राह्यली जी,” तो म्हणाला. वास मलाही आला. तव्याला प्लास्टिकची पिशवी चिकटावी तसा, त्यात जळक्या ग्रीसचा दर्प मिसळलेला. मी वाकून पाहिलं. तापलेली वायर विजेची नव्हतीच. ती एक्सलेटरची होती. पायाखालचा पेडल दाबला की इंजिनाकडे ओढली जाणारी, प्लास्टिकच्या नळीतली साधी लोखंडी तार. तिच्यातून वीज जायचं काही कारणच नाही. मग ती तापली कशी?

ढकलून गाडी चालू झाली, आम्ही पारशिवनीला पोचलो, मी नागपूरला परतले. पण तो वास डोक्यातून जाईना. सप्टेंबरात ड्रायव्हरला फोन केला तेव्हा कळलं की गाडी अजून तशीच आहे आणि आता तो तिला पारशिवनीतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेणार आहे. मी म्हटलं, मीही येते.

*

आमडी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला टिनाचं एक शेड. बाहेर चार जिप्सी, एक ट्रॅक्टर, एक मालवाहू टेम्पो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे अशीच गर्दी असते. पेंचचं मुख्य जंगल 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद. हे तीन महिने गाड्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या राहतात, बॅटऱ्या उतरतात, सॉकेटमध्ये ओल जाते आणि उंदीर वायरिंगमध्ये घर करतात. 1 ऑक्टोबरला गेट उघडायच्या आत सगळ्यांना गाडी हवी असते.

मिस्त्रींचं वय साठीच्या पुढे. नाकावर चष्मा, खिशात टेस्टर, हाताशी एक पोरगा. ड्रायव्हरनं आल्याआल्या पावत्यांची गुंडाळी काढली. दीड वर्षात दोन बॅटऱ्या, एक अल्टरनेटर, आणि तीन एक्सलेटर वायरी, कारण ती सारखी अडकते. बेरीज अठरा हजारांच्या आसपास. मिस्त्रींनी पावत्या उलटसुलट पाहिल्या आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं.

“तीन वायरी कायले?”

“जाम होते ना जी. प्लास्टिक पिघळते आतलं.”

“हे तुमी कोनाले सांगतलं होतं?”

नव्हतं सांगितलं. दिव्यांची तक्रार दिवेवाल्याकडे आणि वायरीची तक्रार वायरवाल्याकडे गेली होती. मिस्त्रींनी पावत्या परत दिल्या आणि पोराला चाबीवर बसायला सांगितलं. मला वाटतं, त्यांना उत्तर तिथेच कळलं होतं. पुढचे अडीच तास ते उत्तर खरं आहे का, हे तपासण्यात गेले.

*

बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. मीटरवर 12.6 व्होल्ट. म्हणजे भरलेली, ठीक. मग मिस्त्रींनी आपला टेस्टर काढला. इंडिकेटरचा पाच वॅटचा बल्ब, दोन हात वायर आणि टोकाला शिवणकामाचं दाभण. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बल्ब झगझगीत पेटला.

“पाहा ताई. बल्ब म्हणते, सगळं बराबर हाय.”

आधीच्या दुरुस्त्या इथेच चुकल्या असणार. बॅटरीतून निघालेला करंट काम करून पुन्हा बॅटरीतच परतावा लागतो. गाडीत परतीची वेगळी वायर नसते, गाडीचं लोखंडच परतीचा रस्ता असतं. त्यालाच सगळे ‘अर्थ’ म्हणतात. पण इंजिन बसलेलं असतं रबराच्या गुटक्यांवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी लागते. या गाडीत बॅटरीची काळी केबल कुण्या जुन्या दुरुस्तीत फक्त बॉडीला आवळली होती. म्हणजे इंजिनाचा सगळा भार त्या एका पट्टीवर.

ती पट्टी कितीही कुजलेली असली तरी बल्ब पेटतो. पाच वॅटच्या बल्बाला अर्धा अँपिअरही लागत नाही. इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, म्हणजे सेल्फला, मात्र शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. मिस्त्रींनी हे मला इथल्याच भाषेत सांगितलं. “नहराची मोरी बुजली तरी लोटाभर पानी येतेच ना जी. धानाले नाही पुरत.” पेंचच्या कालव्याखाली शेती असलेल्या मुलखात याहून सोपं कुणी सांगू शकेल असं मला वाटत नाही.

मीटर ओहमवर ठेवूनही हा दोष सापडत नाही, कारण तिथे आकडा जवळजवळ शून्यच दिसतो. भार टाकून मोजावं लागतं. मिस्त्रींनी इग्निशन कॉइलचा सॉकेट काढला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. मीटर व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, लाल सुई इंजिनाच्या लोखंडाला. “मार.” पोरानं चाबी फिरवली. सेल्फ कण्हत कण्हत फिरला. मिस्त्री मीटरकडे पाहत राहिले.

“एक पॉइंट नऊ.”

खरं तर त्या दोन जागांमध्ये मीटरला जवळपास काहीच दिसायला नको. फार तर अर्धा व्होल्ट. बारा व्होल्टांतले एक पॉइंट नऊ परतीच्या रस्त्यातच खर्च होत होते, सेल्फपर्यंत पोचतच नव्हते. अल्टरनेटर चालू असतानाही तीच गोष्ट. तो वीज तयार करत होता, पण वाट खराब असल्यामुळे बॅटरी पुरती भरत नव्हती. म्हणून बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर बदलला, आणि एक पॉइंट नऊ जागचे हलले नाहीत.

*

त्यानंतरचं काम मला सर्वात आवडलं. मिस्त्रींनी तो आकडा कुठेकुठे वाटला गेला आहे ते शोधलं. खांब ते खांबावरचा क्लॅम्प: शून्य. क्लॅम्प ते बॉडीवरचा बोल्ट: शून्य पॉइंट एक. बोल्ट ते पट्टीचं बॉडीकडचं टोक: शून्य पॉइंट एक. प्रत्येक वेळी “मार”, तीन-चार सेकंद सेल्फ, मग थांबायचं. सेल्फ सलग मारला तर तो तापतो, आणि तापलेल्या सेल्फवर आकडे खोटे येतात. थांबण्याच्या त्या मिनिटात कुणी बोललं तर त्यांना चालत नव्हतं. बाहेर ट्रॅक्टरवाला दोनदा हाक मारून गेला. ड्रायव्हर सारखा घड्याळ पाहत होता.

शेवटची मोजणी पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “मार.”

“एक पॉइंट सात.”

शून्य, एक, एक आणि सतरा. मी मनात बेरीज केली. एक पॉइंट नऊ बरोबर जमले, आणि का कोण जाणे, मला फार आनंद झाला.

पट्टी दिसत नव्हती. ती इंजिनाच्या मागच्या अंगाला, पडद्याच्या पत्र्यापाशी, धुळीच्या आणि तेलाच्या थराखाली होती. मिस्त्रींनी आरसा धरून पाना घातला, बोल्ट काढला आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर रुंद, वीतभर लांब. वरून काळी, पण मधोमध वाकवली तर तारा भुग्यासारख्या तुटत होत्या. धागे मोजावेत इतकेच शाबूत. टोकाच्या थिंबलखाली हिरवा कळंक, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात चिंच राहिल्यावर चढतो तसा. आणि त्याखाली रंग. कुणीतरी कधीतरी गाडी रंगवून घेतली, आणि या थिंबलखालचं लोखंड कुणी खरवडलं नाही.

“मंग करंट कुठून जाईन?” त्यांनी मला विचारलं. मास्तर विचारतात तसं.

मी एक्सलेटरच्या वायरीकडे बोट दाखवलं.

ते हसले. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारं दुसरं लोखंड म्हणजे एक्सलेटरची तार, क्लचची तार. पट्टी बंद पडली की शंभर अँपिअर त्या तारांमधून घुसतात. तार तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, तार अडकते. जूनमधला तो वास, त्या तीन पावत्या आणि पिवळे पडलेले हेडलाइट, तिन्हींच्या मागे ही एकच वीतभर पट्टी होती.

खात्रीसाठी त्यांनी जंपरची जाड केबल घेतली. एक टोक निगेटिव्ह खांबाला, दुसरं थेट इंजिनाला. “मार.” सेल्फ असा फिरला की ड्रायव्हर दचकून मागे सरला.

*

मिस्त्री कामठीच्या एका उस्तादाकडे शिकले. छावणीचं गाव, फौजेच्या लिलावातल्या जीप तिथे यायच्या. महायुद्धातल्या विलिज जीपची वीज 6 व्होल्टची असे, हे मला वाचून माहीत होतं. मिस्त्रींना ते हातानं माहीत होतं. सहा व्होल्टांतले एक पॉइंट नऊ गेले तर उरतं काय? म्हणून उस्ताद सकाळी सगळ्यात आधी अर्थचे बोल्ट काढून घासायला लावायचा. बॅटरीला हात लावायची परवानगी वर्षभरानं मिळाली.

जिप्सी रस्त्यावर आली 1985मध्ये. 2018 सरताना तिचं नवं बुकिंग घेणं थांबलं. ही गाडी 2010ची. जंगलात अजूनही हीच लागते, हलकी आहे, उघडी आहे, चिखलातून निघते. नवी मिळत नाही म्हणजे आहे ती जगवायची, आणि ती जगवणारी माणसं अशा टिनाच्या शेडांमध्ये आहेत.

नवी पट्टी 180 रुपयांना आली. मिस्त्रींनी एकाऐवजी दोन लावल्या. दुसरी बॅटरीच्या खांबापासून थेट इंजिनापर्यंत, वेल्डिंगच्या केबलमधून कापलेली. एक्सा ब्लेडच्या तुकड्यानं रंग खरवडला, लोखंड रुपयासारखं चमकेपर्यंत. दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावलेलं त्यांना चालत नाही. पुन्हा मीटर. “मार.” शून्य पॉइंट दोन.

मग पैशाचं आलं. पट्टी, केबल आणि मजुरी मिळून सातशे. ड्रायव्हर म्हणाला, “एका पट्टीचे सातशे?”

त्याला मी दोष देत नाही. तीन महिने गाडी उभी होती, कमाई नव्हती. पण हाच माणूस अठरा हजारांचे सुटे भाग कुरकुर न करता घेऊन गेला होता, कारण प्रत्येक वेळी हातात खोकं होतं, कंपनीचं नाव होतं, पावती होती. अडीच तास एकेक आकडा उकलत बसण्याला खोकं नसतं. मिस्त्रींकडे पावतीपुस्तक आहे. त्यात ‘पट्टी’ असा शब्द त्यांनी लिहिला, ‘केबल’ लिहिलं, आणि शोधण्यासाठी काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही. ती मजुरीची ओळ त्यांनी तशीच सोडून पाचशेचा आकडा टाकला. मला विचाराल तर ते पाचशे रुपये फार कमी आहेत. मी हे त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी मान हलवली, ती होकारार्थी होती की नकारार्थी हे कळलं नाही. ड्रायव्हरनं सातशे दिले.

तो बोनेट लावायला गेला तर मिस्त्रींनी हात धरला. “थांबा ना जी.”

मघा तपासताना दाभणानं त्यांनी दोन वायरींच्या वेष्टणाला टोचलं होतं. सुईच्या टोकाएवढी भोकं. त्यातून पाणी शिरलं की दोन-तीन पावसाळ्यांत तांबं आतून हिरवं पडतं. त्यांनी ड्रॉवरमधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली, मुलीची जुनी, आणि चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून, एकेका भोकावर एकेक थेंब ठेवला. ट्रॅक्टरवाला तिसऱ्यांदा हाक मारत होता. मिस्त्री थेंबावर फुंकर घालत उभे होते.