थिबाचा साग, रांचीची लाख

जुनं टेबल विकत घ्यायचं तर आधी त्याच्याखाली शिरावं. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, दुकानदार वरच्या फळीवर फडका मारून दाखवतो आणि गिऱ्हाईकही तिथंच बघत राहतं. वरच्या फळीवर भरवसा ठेवू नये. तिच्यावर गडद रंग चढवलेला असतो, भेगांत लांबी भरलेली असते, कधी साध्या प्लायवर सागाचा अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा चिकटवलेला असतो. खालच्या बाजूवर मात्र कुणी मेहनत वाया घालवत नाही. मोबाइलची बॅटरी लावून खाली वाकलं की लाकडाचा मूळ रंग दिसतो, सांधे दिसतात. सरकारी कचेरीतून आलेलं टेबल असेल तर पांढऱ्या रंगात घातलेला नंबरही दिसतो.

मग खण पूर्ण बाहेर ओढून काढायचा आणि त्याचा पुढचा कोपरा बघायचा. तिथं दोन फळ्या पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या दात्यांनी एकमेकींत अडकवलेल्या असतात. याला डव्हटेल म्हणतात. दाते अगदी एकसारखे असतील तर ते यंत्रानं कापलेले. एखादा जाड, एखादा बारीक, आणि बाजूला सुताराची आखणीची रेघ अजून शाबूत असेल तर ते हाताचं काम. नुसते खिळे ठोकलेले दिसले तर भाव निम्म्यावर आणावा. फळीची कड बघावी: वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड भरीव आहे, कडेला निराळीच पट्टी चिकटवलेली असेल तर आत काय आहे ते विचारायला हवं. शेवटी खणाच्या तळाशी बोट फिरवावं. बोटाला मैद्यासारखी बारीक पिठी लागली आणि जवळपास टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर किडा अजून आत राबतो आहे. हा किडा सहसा सालीजवळच्या पांढुरक्या लाकडात शिरतो, गाभ्याच्या लाकडाच्या वाटेला फारसा जात नाही. वरून कितीही पॉलिश मारलं तरी आतल्या अळीला त्याचा पत्ता लागत नाही. आधी औषध, मग पॉलिश.

या बाजारात ‘बर्मा टीक’ हे शब्द देवाच्या नावासारखे उच्चारले जातात. दहापैकी किती टेबलं खरोखर ब्रह्मदेशातली असतात हा प्रश्न वेगळा. आलापल्ली-बल्लारपूरचा साग काही कमी प्रतीचा नाही, अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूरकडूनच. पण मुंबईच्या जुन्या कचेऱ्यांत ब्रह्मी साग आला हे खरं, आणि तो कसा आला याची गोष्ट थेट रत्नागिरीत येऊन संपते.

१८६३ साली मुंबईत वॉलेस बंधूंनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली. उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांतून साग तोडायचा, ओंडके इरावतीत सोडायचे आणि रंगूनहून जहाजात चढवायचे, हा तिचा धंदा. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबारानं कंपनीवर आरोप ठेवला की तोडलेल्या ओंडक्यांपेक्षा कमी ओंडके दाखवून स्वामित्वधन बुडवलं जातंय, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना फ्रेंचांची तिथली ऊठबस आधीच खुपत होती; दंडाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबरात लढाई सुरू झाली ती दोन आठवड्यांत आटोपली. मंडाले पडलं, १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झालं आणि राजाची रवानगी मद्रासमार्गे रत्नागिरीला झाली. तिथं त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार व्हायला १९१० साल उजाडलं आणि १९१६ मध्ये राजा तिथंच वारला. थिबा पॅलेस बघायला जाणारे पर्यटक खाडीचा देखावा बघून परततात. ज्या लाकडापायी हे सगळं घडलं त्याचीच टेबलं-खुर्च्या मुंबईच्या कचेऱ्यांत मांडल्या जात होत्या, हे तिथं उभं राहिल्यावर सहसा कुणाला आठवत नाही.

१९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थान सरकारच्याच कारभाराखाली होता, त्यामुळे रंगूनचा साग मुंबईच्या वखारीत यायला परदेशी मालाची कटकट नव्हती. मुंबईला सागाची ओळख अर्थात त्याहून जुनी. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले तेव्हापासून इथं मलबारी सागाची जहाजं बांधली जात होती. १८१७ साली मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड म्हटल्यावर तुमच्या बैठकीच्या खोलीतल्या दमटपणाची काय कथा! (बॉम्बे बर्मा ही कंपनी पुढं वाडिया समूहाकडेच आली, हा इतिहासाचा खट्याळपणा.) सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला जायला कचरते. शिवाय त्यात सिलिका असते. रंध्याचं पातं लवकर बोथट होतं म्हणून सुतार जी कुरकुर करतात ती तिच्यामुळे. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या झाडाची वलयं दाट असतात. वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढुरका भाग जास्त निघतो. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टेबलातली फळी आज नव्यानं विकत घ्यायला गेलात तर टेबलाच्या भावात फळीसुद्धा येणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्यांना काही महिन्यांतच पाठीनं जाब विचारला. मग घरोघरी एका कोपऱ्याचं ऑफिस झालं आणि जुन्या लाकडी टेबलांचा शोध सुरू झाला. लोखंडी टेबलांनी आणि पुढं सनमायकानं कचेऱ्यांतून हाकललेलं सामान असं घरात परत आलं. ते घरी आल्यावर बहुतेकांच्या हातून पहिली चूक होते ती म्हणजे घासायला घेणं.

घासायच्या आधी त्याच्या अंगावर काय आहे ते कळायला हवं, आणि त्यासाठी लागतं फक्त रंगाच्या दुकानात मिळणारं पॉलिशचं स्पिरिट, थोडं थिनर आणि कापसाचे दोन बोळे. टेबलाच्या आतल्या, नजरेआडच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून धरायचा. बोळा चिकटू लागला, त्याला तपकिरी रंग आला आणि खालचा पृष्ठभाग बोटाला चिकट लागला, तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं, तर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. तेव्हा समजावं की टेबल अलीकडं कुणीतरी ‘नवं’ केलेलं आहे. जुन्या कचेरीतल्या टेबलावर बहुतेक वेळा पहिलाच बोळा चिकटतो.

ही लाख येते कुठून? पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतो. फांद्या तोडून ते कवच खरवडायचं, धुवायचं, मग कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पिळायचं. वितळून बाहेर आलेली लाख ताणून पातळ पत्रा करायचा आणि तो मोडला की चपडा तयार. झारखंड हे याचं माहेरघर. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये लाख संशोधन संस्था उभी राहिली. आपल्याकडं गोंदियाकडच्या जंगलपट्ट्यातही लाख होते. बालगंधर्वांची नाट्यपदं ज्या तबकड्यांवर घराघरांत वाजली त्या तबकड्यांतही हीच लाख होती, दगडाच्या भुकटीत कालवलेली. आणि लाक्षागृहाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही वस्तू विस्तवाजवळ नेऊ नये हे सांगायला नकोच.

लाखेचा मोठा गुण असा की ती दुरुस्त होते. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, कारण नव्यातलं स्पिरिट जुन्यालाही मऊ करतं. मेलामाइन आणि पीयूचं तसं नाही. ते वाळताना रासायनिक क्रियेनं कडक होतात. मग ओरखडा पडला की ठिगळ लावता येत नाही, सबंध फळी घासावी लागते. म्हणून माझं म्हणणं असं की लाखेचं टेबल हाती आलं तर ते सोलू नये. टर्पेंटाइनच्या फडक्यानं वर्षानुवर्षांचं मेण आणि हातांचा मळ काढावा. पॉलिशला बारीक चिरा पडल्या असतील तर रुंद ब्रशनं स्पिरिटचा एक हात झरझर फिरवावा. जुनी लाख सैल होऊन स्वतःच पुन्हा पसरते. पाण्याच्या ग्लासाचा पांढरा वळसा स्पिरिटनं जेमतेम ओलावलेल्या कापडानं, एकदाच फिरवून, बऱ्याचदा निघून जातो. शाईचे आणि लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक अॅसिडनं जातात, पण ते विष आहे आणि पोरं असलेल्या घरात ठेवू नये. शाईचा डाग तर मी राहू देईन. कारकुनाच्या टेबलावर शाई नसेल तर काय असेल?

पॉलिशवाल्याला हे पटवणं मात्र कठीण. मुंबई-पुण्यात आज बरेचसे मिस्त्री राजस्थान-उत्तर प्रदेशाकडचे, कामाला चोख. पण मजुरी चौरस फुटावर ठरते आणि हातात विजेचं घासयंत्र असतं. ते फिरलं की कडा गोल होतात, सुताराच्या रेघा पुसल्या जातात आणि पापुद्र्याचं टेबल असेल तर खालचा प्लाय दात दाखवतो. घासायचंच असेल तर हातानं, लाकडाच्या रेघांच्या दिशेनं, पॉलिशपेपर आधी एकशेवीस नंबरचा, मग एकशेऐंशी, शेवटी तीनशेवीस. आडवा हात मारला की त्या रेघा पॉलिशखालून कायम डोकावत राहतात.

पुढचं काम संयमाचं आहे. लिटरभर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजत घालायचा आणि सकाळी मलमलीतून गाळायचा. फार दिवसांचं द्रावण वाळता वाळत नाही, म्हणून लागेल तेवढंच करावं. कापसाचा गोळा मलमलीत बांधून त्याची गादी करायची, द्रावण आतून पाजायचं आणि हात न थांबवता आधी गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, शेवटी सरळ फिरवायचा. गादी मध्येच थांबली की तिथं ओली लाख उचलली जाते आणि खड्डा दिसतो. गादी ओढू लागली तर तिच्यावर तेलाचा एक थेंब. एका दिवसात दोन-तीन हात, मग विश्रांती. पावसाळ्यात हे काम करूच नये: हवेतली वाफ ओल्या लाखेत अडकते आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. जुने पॉलिशवाले दसऱ्यानंतरच हात घालायचे ते यासाठी. सागाच्या तेलकटपणामुळे काही वॉर्निशं नीट वाळत नाहीत; लाख मात्र त्याच्यावर पकड घेते.

लाखेचे दोष लपवण्यात अर्थ नाही. साधारण पंचाहत्तर अंशांना ती मऊ पडते, म्हणजे उकळत्या चहाचा कप थेट ठेवला की वळसा उमटलाच. आणि स्पिरिटमध्ये विरघळते ती सॅनिटायझरमध्येही विरघळते. टाळेबंदीत घरच्या टेबलांची किती पॉलिशं त्या बाटल्यांनी खाल्ली असतील! ज्याला चहा आणि सॅनिटायझर दोन्ही सोडवत नाहीत त्यानं खण-पायांना लाख आणि वरच्या फळीला पीयू असा समझोता करावा. पीयूच्या खालचा लाखेचा थर मेण काढलेल्या चपड्याचा हवा, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो. साहेबांच्या टेबलावर असायची तशी काच टाकायची असेल तर पॉलिश महिनाभर वाळू द्यावं, नाहीतर काच फळीला चिकटून बसते.

टेबलावर लाखेऐवजी ऑइलपेंटचा जाड थर असेल तर जरा थांबावं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं आणि तो कोरडा घासायचा नाही. रिमूव्हरच्या डब्यावर मिथिलिन क्लोराइड लिहिलेलं असेल तर बंद खोलीत उघडू नये. माणसं दगावल्यानंतर अमेरिकेनं २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी केली. लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवते. तेव्हा तोंडावर चांगला मास्क हवाच. आणि अळशीच्या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना स्वतःच तापतं आणि फडका आपोआप पेट घेतो. दोरीवर पसरून वाळवावेत.

राहता राहिला बसण्याचा प्रश्न. जुनी टेबलं तीस इंच उंचीची असतात, कागदावर लिहिण्यासाठी केलेली. लॅपटॉपवर टाइप करायला ही उंची बहुतेकांना दोन-तीन इंच जास्त होते, खांदे वर उचलले जातात. मग लोक सुताराला बोलावून पाय कापून घेतात. कापलेला पाय परत येत नाही, आणि खणांच्या खाली मांड्या अडकायला लागतात ते वेगळंच. चार्जरच्या वायरींसाठी फळीला भोक पाडायचीही गरज नसते. बहुतेक टेबलांची मागची फळी सुटी करता येते, तिच्या वरच्या कडेला खाच दिली की वायरी तिथून जातात आणि उद्या टेबल विकायचं झालं तरी वरची फळी अखंड राहते. पेढीवरचं मुनीमजींचं उतरतं डेस्क कुठं मिळालं तर या टेबलावर ठेवावं, लॅपटॉपचा पडदा बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतो. कीबोर्ड मात्र वेगळा लावावा लागेल. उंचीचा तोडगा खुर्चीत आहे. खुर्ची वर घ्यायची, आणि पाय लोंबकळू लागले तर खाली पाट ठेवायचा. पाट बहुतेक घरांत माळ्यावर पडून असतोच, आणि तोही बऱ्याचदा सागाचाच.