फाटलेल्या आवाजाची किंमत
जुन्या रेडिओतील काचेचा व्हॉल्व्ह आणि ब्रिटिश गिटार ॲम्प्लिफायरची गोष्ट

जालना : घरातला जुना रेडिओ सुरू केला की लगेच बोलत नसे. प्रथम डायलमागचा दिवा लागे, मग अर्धा मिनिट शांतता आणि त्यानंतर हलकी घरघर करत निवेदकाचा आवाज वर येई. ही वाट पाहायला लावणारी वस्तू म्हणजे संचातील काचेचे व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टर आले आणि हे रेडिओ माळ्यावर गेले. माळ्यावरून पुढे भंगारात. जालना हे तर भंगार वितळवून सळ्या बनवणारे शहर. येथे जुन्या संचाच्या पत्र्याला भाव आहे, ट्रान्सफॉर्मरमधील तांब्याला त्याहून अधिक आहे. काचेच्या नळीला मात्र कोणी विचारत नाही. पण रॉक संगीतातील गिटारचा जो आवाज जगभर ओळखला जातो तो याच नळीतून घडला, आणि तो घडवणारी ब्रिटिश यंत्रे आज संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीला विकली जातात.

व्हॉल्व्हचे काम समजण्यास अवघड नाही. हवा काढून घेतलेल्या नळीत एक तंतू तापतो. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धनाग्राकडे धावतात. वाटेत तारेची बारीक जाळी असते. या जाळीवर गिटारकडून आलेला क्षीण विद्युतसंदेश दिला की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. लहान संदेश मोठा झाला. ध्वनिवर्धन ते एवढेच.

खरी गंमत पुढे आहे. कोणत्याही ध्वनिवर्धकाला मर्यादा असते. ती ओलांडली की ध्वनिलहरींची टोके छाटली जातात आणि आवाज ‘फाटतो’. साध्या ट्रान्झिस्टर यंत्रात ही छाटणी कात्रीने कापल्यासारखी एकदम होते आणि कानाला टोचते. गिटारच्या व्हॉल्व्ह यंत्रात ती बऱ्याचदा हळूहळू होते. टोके गोलसर दबतात, मूळ सुराला त्याच्या वरच्या सुरांची जोड मिळते, आणि तार छेडल्यावर विरून जाणारा स्वर लांबत राहतो. सभेतील भाषणासाठी हा दोष होता. गिटारवादकांना त्यात नवे वाद्यच सापडले.

रेडिओतील नळी रंगमंचावर

इंग्लंडमधील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांची वाद्ये बनवणारी कंपनी होती. तिचे अभियंते डिक डेनी यांनी आखलेला ‘व्हॉक्स एसी १५’ हा ॲम्प्लिफायर १९५८ मध्ये बाजारात आला. त्याची शक्ती नावाप्रमाणे पंधरा वॅटच्या आसपास होती. मात्र ‘द शॅडोज’सारख्या वाद्यवृंदांना नाट्यगृहातील गर्दीपुढे तो अपुरा पडू लागला, आणि १९५९ मध्ये ‘एसी ३०’ आला. त्याच्या प्रचलित रूपात ‘ईएल ८४’ जातीचे चार व्हॉल्व्ह होते. त्याच व्हॉल्व्हची एकच नळी त्या काळच्या अनेक घरगुती रेडिओ संचांत शेवटच्या टप्प्यावर बसवलेली असे आणि पाचेक वॅट आवाज देई. म्हणजे ज्या यंत्रावर बीटल्सनी १९६२ पासून वाजवले, त्याचे हृदय दिवाणखान्यातील रेडिओचेच होते. पुढे त्यात ‘टॉप बूस्ट’ ही पट्टीच्या वरच्या सुरांना धार देणारी जोडणी आली. एसी ३० ची किणकिण म्हणून जी ओळखली जाते ती बरीचशी तिची देणगी आहे.

तीस वॅटही लवकरच कमी पडले. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते होते. व्हॉक्सने त्यांच्यासाठी शंभर वॅटची यंत्रे दिली होती, तरीही किंकाळ्यांपुढे संगीत ऐकू येईना. आज गणेशोत्सवातील मिरवणुकीत हजारो वॅटच्या भिंती पाहणाऱ्यांना शंभर वॅटवर स्टेडियम भरण्याचा तो प्रयत्न भाबडा वाटेल.

आयात परवडेना म्हणून

दुसरे मोठे नाव मार्शल. जिम मार्शल हे ढोलवादक आणि ड्रमचे शिक्षक. १९६० मध्ये त्यांनी पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान काढले. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकेतील फेंडरचे ॲम्प्लिफायर हवे असत, पण ते महाग होते. तेव्हा दुकानातील दुरुस्ती पाहणारे केन ब्रॅन आणि शिकाऊ तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या ‘बासमन’ या यंत्राची मांडणी समोर ठेवून १९६२ मध्ये आपले यंत्र जुळवले. जिम आणि त्यांचा मुलगा टेरी यांच्या नावांवरून ते ‘जेटीएम ४५’ झाले.

मांडणी जवळपास तीच होती, आवाज मात्र वेगळा निघाला. भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते वापरावे लागले. पहिल्याच टप्प्यावर संदेश अधिक वाढवणारा ‘ईसीसी ८३’ आला, पुढे अखेरच्या टप्प्यावर ‘केटी ६६’ हे ब्रिटिश व्हॉल्व्ह आले. फेंडरचे स्पीकर मागून उघड्या पेटीत होते. मार्शलने सेलेशन कंपनीचे बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत बसवले. या फरकांमुळे यंत्र लवकर फाटू लागले आणि फाटताना भरदार वाजू लागले. नक्कल करताना झालेल्या तडजोडी मूळ वस्तूपेक्षा प्रसिद्ध झाल्याची अशी उदाहरणे उद्योगाच्या इतिहासात फार नसावीत.

‘द हू’चे पीट टाउनशेंड यांना आणखी मोठा आवाज हवा होता. त्यातून १९६५ मध्ये शंभर वॅटचे यंत्र तयार झाले. आठ स्पीकरांची एकच अजस्र पेटी उचलताना हमालांचे हाल होऊ लागले, म्हणून चार-चार स्पीकरांच्या दोन पेट्या एकावर एक ठेवण्यात आल्या. रंगमंचावरील ती काळी भिंत म्हणजे ‘मार्शल स्टॅक’. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्स यांच्या मागे तीच उभी होती.

जुने मार्शल शोधणाऱ्याची पहिली फसगत क्रमांकांनी होते. ‘१९५९’ हे मॉडेल १९५९ सालचे नाही. वर सांगितलेले शंभर वॅटचे ‘सुपर लीड’ ते हेच. ‘१९८७’ हे त्याचे पन्नास वॅटचे भावंड, तेही १९६० च्या दशकातले. ‘१९६२’ या क्रमांकाचे, स्पीकरसह एकाच पेटीतले यंत्र एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्यासमवेत १९६६ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रिकेमुळे ‘ब्ल्यूजब्रेकर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. हे सारे विक्रेत्याच्या यादीतील क्रमांक आहेत. वय ओळखण्यासाठी दर्शनी पट्टी पाहणे बरे. १९६९ च्या मध्यापर्यंत ती सोनेरी प्लेक्सिग्लासची होती, म्हणून ते ‘प्लेक्सी’. त्यानंतर ॲल्युमिनियम आले. एव्हाना केटी ६६ ची जागा ‘ईएल ३४’ ने घेतली होती आणि आवाज अधिक टोकदार झाला होता. १९८१ ची ‘जेसीएम ८००’ ही मालिका येईपर्यंत कमी आवाजातही फाटलेला सूर देण्याची सोय झाली होती. तिचे नाव मार्शल यांच्या मोटारीच्या नंबरपाटीवरून आले होते.

हायवॉट आणि ऑरेंज ही नावे त्याच काळातली. डेव्ह रीव्हज यांच्या हायवॉटची अंतर्गत जोडणी लष्करी सामग्रीच्या शिस्तीची, आणि आवाज शक्यतो न फाटणारा. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांची पसंती तिला होती.

सभेचा आवाज, गिटारचा आवाज

भारतातही व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक होते, पण काम निराळे होते. मोटवाने कुटुंबाच्या मुंबईतील ‘शिकागो रेडिओ’चे नाव स्वातंत्र्यलढ्यातील अनेक सभांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर वाचता येते. १९४२ मध्ये भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ला साहित्य पुरवल्यावरून उषा मेहता यांच्यासोबत नानक मोटवाने यांच्यावरही खटला चालला. शेवटच्या रांगेतील माणसाला नेत्याचा शब्द स्पष्ट कळावा ही त्या यंत्रांची कसोटी होती. तेथे आवाज फाटला की तंत्रज्ञाची मान खाली जाई.

व्हॉल्व्ह आपल्याकडेच बनवण्याची सोय १९६१ मध्ये झाली. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले, त्यात ईएल ८४ चाही समावेश होता. त्याआधी १९५९ मध्ये फिलिप्सचा रेडिओ कारखाना पुण्याजवळ आला होता. ठाण्यात मर्फी होती. गिटारचे ब्रिटिश यंत्र मात्र आयात निर्बंधांमुळे दुर्मीळच राहिले. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले असता कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये वाजवून गेले, तेही तेथे उपलब्ध असलेल्या साहित्यावर.

माळ्यावरच्या संचाचे काय?

व्हॉल्व्हचे उत्पादन आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधील मोजक्या कारखान्यांत उरले आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियातील पुरवठा थांबण्याची चिन्हे दिसताच जगभरातील वादकांची धावपळ उडाली होती. मार्शल कंपनी २०२३ मध्ये स्वीडनमधील झाउंड इंडस्ट्रीजकडे गेली. मॉलमध्ये तिच्या नावाचे जे ब्लूटूथ स्पीकर दिसतात त्यांत व्हॉल्व्ह नसतो. फक्त चेहरा जुना असतो.

या परिस्थितीत जुन्या संचातील चांगल्या स्थितीतील नळीला गिऱ्हाईक मिळू शकते. तिच्यावरील अक्षरे वाचता आली म्हणजे झाले. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टवर तापणारा तंतू, ‘एल’ म्हणजे अखेरच्या टप्प्याचा शक्तिशाली व्हॉल्व्ह, ‘सीसी’ म्हणजे एका काचेत दोन लहान व्हॉल्व्ह. आकड्यातील ८ नऊ पिनांची बैठक सांगतो, ३ आठ पिनांची. ‘यूएल ८४’ दिसायला ईएल ८४ सारखाच, पण त्याचा तंतू ४५ व्होल्टचा. गिटारच्या यंत्रात तो चालत नाही. काचेच्या आतील चंदेरी मुलामा पांढरा पडला असेल तर नळीत हवा शिरली असे समजावे आणि तो व्हॉल्व्ह गेला म्हणून सोडून द्यावे.

संच उघडताना सावधगिरी हवी. ‘यू’ मालिकेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या बहुतेक रेडिओंत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. लोखंडी सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो आणि हात लागताच झटका बसू शकतो. इतर संचांतही कंडेन्सरमध्ये बटण बंद केल्यानंतर काही काळ अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहतात. वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ हौसेने एकदम सुरू केला तर हे वाळलेले कंडेन्सर फुटतात आणि त्यांच्यासोबत ट्रान्सफॉर्मरही जळतो. जुन्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून ते आधी बदलून घ्यावेत. नळी बहुधा तशीच चालते.